दादांच्या कोटाचा झटका

रांग सभागृहाच्या दाराबाहेर गेली होती आणि झाडून सगळ्यांच्या पायांत मोजे होते. दादांच्या जावईबापूंची ताकीदच होती तशी.

"मोजे घालून, नव्या गालिच्यावरून नम्रपणे पाय घासत या. दादांच्या कोटाच्या बटणाला बोट लावा. आत्म्याचा झटका बसेल, रोग पळेल."

लोक बोट लावायचे, टुणकन उडायचे आणि "आमेन" म्हणत डोळे पुसायचे.

दादा म्हणजे मोठे सुवार्तिक. आयुष्यभर सायकलवरून शुभवर्तमान सांगत हिंडले. आजाऱ्यासाठी आधी प्रार्थना करायचे, मग त्याला कॅरिअरवर बसवून दवाखान्यात न्यायचे. ते गेले; मागे उरली ती सायकल आणि लोखंडी स्टँडवरचा हा पितळी बटणांचा कोट.

त्यांची बायको कोपऱ्यात बसून सगळं पाहत होती. तेवढ्यात नणंद झटका खाऊन आली, केस पिंजारलेले.

"वहिनी, आजपासून साखरेच्या गोळ्या बंद. दादाने स्वतः धक्का दिला मला."

बाईंना आठवलं, मागे दोनच दिवस गोळ्या चुकल्या, तर नणंद चक्कर येऊन पडली होती.

"वन्सं, सकाळी गालिचा झाडताना मलाही झटका बसला. दाराच्या मुठीचा. तशाच पाय घासत जा, मूठ धरून बघा."

नणंद गेली आणि उडाली. "दारातही दादा आहे," ती गहिवरून म्हणाली.

"मग कपाट बघा."

कपाटातही दादा निघाले. शेवटी तिने जावईबापूंच्या घड्याळाला बोट लावलं. ते माइकसकट असे किंचाळले की रांग खो खो हसत सुटली.

"आई, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," जावईबापू मनगट चोळत म्हणाले.

"श्रद्धेची नाही, गालिच्याची घेतेय."

बाईंनी गालिचा गुंडाळला, नणंदेचे मोजे उतरवले. आता नणंदेने बटण दाबलं, ओढलं, पिरगाळलं, तरी काही नाही.

"कोरड्या हवेत मोजे गालिच्यावर घासले की अंगात वीज साठते आणि धातूला हात लागताच निसटते. तिला ना देव कळतो, ना साखर. गोळी घ्या वन्सं, मग आपण प्रार्थना करू. देवाने दवा दिली, डोकंही दिलं. दोन्ही वापरायला तो नाही म्हणत नाही."

नणंदेने तोंड वाकडं करत गोळी गिळली.

बाई रांगेकडे वळल्या. "ह्यांचं काही हवंच असेल, तर बाहेर सायकल उभी आहे. चालत नसेल त्याला मागे बसवा. दवाखान्याची वाट तिला पाठ आहे."