धाप

सुश्रुत गेला त्याला चार वर्षं होत आली होती. शाळेच्या स्पोर्ट्स डेला, आठशे मीटरच्या शर्यतीत, शेवटच्या वळणावर तो खाली बसला आणि परत उठलाच नाही. नववीत होता. त्याच्या हृदयाचा स्नायू आतल्या आत जाड होत गेला होता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. हसतं-खेळतं पोर, कधी साधी चक्करही आली नव्हती.

त्याचे वडील मधुसूदन मोघे रोज सकाळी त्याला स्कूटरवर बसवून मैदानावर नेत. त्या दिवसानंतर ते कुठल्याच मैदानाजवळ फिरकले नाहीत. हिंदी मुलखातल्या त्या शहरात मग ऑफिस आणि घर, एवढंच. सुश्रुतचं नाव घरात निघालं की ते उठून बाल्कनीत जात. मग सुश्रुतच्या आईनेही, दुर्गाने, हळूहळू नाव काढणंच सोडलं.

धाकटी तन्वी तेव्हा पहिलीत होती. दोघांनी तिला दिल्लीला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या, स्वतःच्याही करून घेतल्या. तन्वीचं हृदय चांगलं निघालं. दरवर्षी पुन्हा बघत जा, एवढंच तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पण दुर्गाला तेवढ्याने धीर आला नाही. तिने तन्वीची शाळा बदलली आणि नव्या शाळेत प्रिन्सिपलना भेटून सांगितलं, हिला खेळायला पाठवायचं नाही. त्यांनी सगळं ऐकून मान डोलावली. तेव्हापासून खेळाच्या तासाला तन्वी लायब्ररीत बसायची. घरी आल्यावरही तेच. "हळू." "पळू नकोस." "बस जरा." जिना चढताना, अंघोळीला जाताना, दारावरची बेल वाजली तरी, "हळू गं!"

आता तन्वी पाचवीत होती. गोरी, गुबगुबीत आणि फार शहाणी मुलगी. कुणाकडे गेली की खुर्चीत बसायची ती निघेपर्यंत उठायची नाही. लोक कौतुक करत.

दिवाळीनंतर दुर्गा तिला वर्षाच्या तपासणीसाठी डॉक्टर अंबरीश फाळक्यांकडे घेऊन गेली. त्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. मशीनवर सगळं बघून झाल्यावर त्यांनी तन्वीला बाहेर बसायला सांगितलं.

"हृदय अगदी ठणठणीत आहे, वहिनी. पण दोन जिने चढून आली तर मुलीला बोलता येत नव्हतं. ही धाप हृदयाची नाही, बसून राहण्याची आहे. वजन बघा. आत्ता नाही हललं हे पोर, तर पुढे खरोखरच दुखणी लागतील. खेळू द्या तिला."

दुर्गा म्हणाली, "तुम्ही मला सांगाल का, की तिला काहीच होणार नाही म्हणून?"

डॉक्टर म्हणाले, "असं कुणाबद्दलच सांगता येत नाही. माझ्या मुलाबद्दलही मला नाही सांगता येणार."

"मग पुढच्या वर्षी बघू," असं म्हणून दुर्गा उठली.

त्याच महिन्यात शाळेत पालकांना बोलावलं होतं. तिथे खेळाच्या नव्या टीचर भेटल्या, गरिमा भदौरिया. ट्रॅकसूट घातलेली, उन्हाने रापलेली तरुण मुलगी. ती स्वतःहून दुर्गाजवळ आली.

"मैडम, तन्वी लाइब्रेरी की खिड़की से पूरा खो-खो देखती है. किसने फाउल किया, बाद में मुझे वही बताती है. एकदम सही बताती है."

"उसका भाई..." दुर्गा सांगू लागली.

"मुझे मालूम है, मैडम. मैं ज़ोर नहीं दूँगी. बस बताना था."

दुर्गाला राग आला. सगळं माहीत असून ही बाई आपल्याला खिडकीचं कशाला सांगते? पण घरी येताना सवाऱ्यांच्या टेम्पोत शेजारी बसलेल्या तन्वीकडे तिचं लक्ष गेलं. रस्त्याकडेला पोरं विटकरीचा स्टंप लावून क्रिकेट खेळत होती, आणि टेम्पो पुढे गेला तरी तन्वी मान वळवून त्यांच्याकडेच बघत होती.

जानेवारीत धुकं विरेना. एके दिवशी दुपारी नया बाज़ारातल्या दुर्गाच्या बँकेत कॉम्प्युटरची लिंक गेली, काम बंद पडलं आणि ती लवकर घरी आली. हरिशंकरपुरममधल्या घरात ते वरच्या मजल्यावर राहत, खाली घरमालकीण लीलाताई. तन्वी शाळेतून आली की त्या तिच्यावर लक्ष ठेवत.

"वरच आहे हो, अभ्यास करतेय," लीलाताईंनी सांगितलं.

घरात तन्वी नव्हती. गच्चीचं दार उघडं होतं आणि वरून काहीतरी धप्, धप् असं दबक्या आवाजात ऐकू येत होतं. दुर्गा धावतच वर गेली.

तन्वीने गच्चीवर जुनी रजई अंथरली होती, खाली आवाज जाऊ नये म्हणून. कपडे वाळत घालायच्या दोरीचा तुकडा दोन्ही हातांत धरून ती अनवाणी उड्या मारत होती. चार-पाच उड्या मारल्या की थांबायची. डोळे मिटायची, तळहात छातीवर दाबून धरायची आणि तशीच उभी राहायची. मग डोळे उघडून परत दोरी फिरवायची.

दुर्गाच्या तोंडातून हाक निघणारच होती, पण त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून ती तिथेच थबकली. पोरगी खेळत नव्हती, घाबरत होती. घाबरत घाबरत उड्या मारत होती.

तन्वीने आईला पाहिलं आणि दोरी टाकून दिली. "सॉरी आई. सॉरी. मी थांबत होते, सच्ची. जोरात झालं की लगेच थांबते."

"काय जोरात झालं की?"

"दिल." तन्वीने छातीकडे बोट दाखवलं. "दादाचं जोरात झालं आणि मग बंद पडलं ना? म्हणून मी त्याच्या आधीच थांबते. मग काही नाही होत."

दुर्गा रजईवर बसली. गार पडलेली, धुक्याने ओलसर झालेली रजई.

"आणि शाळेत?"

"शाळेत जिन्यावर पण होतं. मग मी टॉयलेटमध्ये जाते आणि बंद करून बसते, जब तक ठीक न हो जाए. कुणाला नाही सांगितलं मी."

"असं कुणी सांगितलं तुला, की जोरात झालं की बंद पडतं?"

तन्वीने आईकडे नवलाने पाहिलं. "कुणी नाही. पण तूच म्हणतेस ना सारखी, हळू."

दुर्गाने तिला जवळ ओढून घेतलं. मुलीला जपायचं म्हणून तिने काय काय केलं होतं, आणि या सगळ्या दिवसांत ही एवढीशी पोर एकटीच टॉयलेटमध्ये बसून आपण मरतोय का याची वाट बघत होती.

संध्याकाळी तिने मधुसूदनला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. बाल्कनीत मात्र गेला नाही.

"मी तिला घेऊन जाणार आहे," दुर्गा म्हणाली. "पळायला."

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मला नाही जमणार, दुर्गा. पण मी अडवणार नाही."

रविवारी ऊन वर आल्यावर दुर्गा सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट घालून तयार झाली. तन्वी डोळे मोठे करून बघत राहिली. दोघी कॉलनीच्या पार्कमध्ये गेल्या. बाकांवर म्हातारी माणसं ऊन खात बसली होती. आई, प्लीज, सबके सामने नको, असं तन्वी पुटपुटत होती.

"आपण दोघी त्या भिंतीपर्यंत पळायचं," दुर्गा म्हणाली. "तुझी धडधड होईल तशी माझीही होईल. काय होतं ते बरोबरच बघू."

दुर्गा शाळा सुटल्यापासून पळाली नव्हती. अर्ध्यावरच तिच्या बरगड्यांत कळ आली. तन्वी तर आधीच थांबली होती, छातीवर हात, डोळे मिटलेले. दुर्गा तिच्याजवळ परत आली. तिलाही श्वास पुरत नव्हता. तिने तन्वीचा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला.

तन्वीने एकदम डोळे उघडले. "आई, तुझं तर माझ्याहून जोरात आहे!"

"हो. पळलं की असंच होतं. सगळ्यांचंच होतं. हात काढू नकोस, तसाच ठेव."

दोघी तशाच उभ्या राहिल्या. एक आजोबा त्यांना वळसा घालून पुढे गेले. हळूहळू दुर्गाचा श्वास खाली बसला.

"कमी झालं," तन्वी कुजबुजली.

"झालं ना? आपोआप होतं. दर वेळी."

तन्वीने हात काढला नाही. मग तिने तो प्रश्न विचारला, जो दुर्गाने घरात कधी येऊच दिला नव्हता. "मग दादाचं का नाही झालं?"

दुर्गा गवतावर बसली आणि तिलाही जवळ बसवलं. "दादाचं हृदय आधीपासून आजारी होतं. आपल्याला कुणालाच कळलं नव्हतं. पळाला म्हणून ते आजारी पडलं नाही. तुझं आजारी नाही, म्हणून तर आपण दरवर्षी दाखवायला जातो."

"पक्कं?"

दुर्गाला पक्कं म्हणायचं होतं. "डॉक्टरकाकांना जितकं दिसतं, तितकं पक्कं," ती म्हणाली.

तन्वीने थोडा विचार केला. तिला तेवढं पुरलं असावं. "दादाला आवडायचं का गं पळायला?"

"खूप. आंब्याच्या रसापेक्षा जास्त."

तन्वी हसली, आणि मग दुर्गाला रडू आलं. तिथेच, उन्हात, लोकांसमोर. तन्वी तिचे डोळे आपल्या स्वेटरच्या बाहीने पुसत राहिली. थोड्या वेळाने ती उभी राहिली आणि म्हणाली, "आता भिंतीपर्यंत जायचं?"

त्या दिवशी भिंतीपर्यंत जाणं झालं नाही. पण पुढच्या रविवारी झालं. मग दोघी रोज सकाळी जाऊ लागल्या. पळणं कमी, पकडापकडी आणि लंगडीच जास्त.

फेब्रुवारीत दुर्गा पुन्हा शाळेत गेली आणि तन्वीला खेळायला घ्या म्हणाली. पहिल्या दिवशी मात्र तिला बँकेत बसवेना. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आली. मैदानाच्या कडेला ती थांबली. तसंच मैदान, तशाच चुन्याच्या रेघा. गरिमाने तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "दौड़ नहीं कराऊँगी, मैडम. खो-खो. बैठने की आदत है न, तो बैठने से ही शुरू करेंगे."

लायब्ररीतून तन्वीबरोबर आणखी दोघं आली होती. एक जाडा मुलगा होता, ज्याला सगळे चिडवत म्हणून तो पोट दुखतं असं सांगून बसून राहायचा. आणि एक मुलगी, जिच्या आईला ती उन्हात काळी पडेल असं वाटायचं. गरिमा त्यांच्या घरी जाऊन आई-वडिलांशीही बोलली होती. तिघांनाही तिने बाकीच्या मुलांमध्ये ओळीत बसवलं.

तन्वीच्या पाठीवर थाप पडली. "खो!" ती उठली, पळाली आणि मध्येच मागे वळली. "फाउल! फाउल!" सगळी ओरडली. जिने महिनोन् महिने खिडकीतून दुसऱ्यांचे फाउल पकडले होते, तिचाच फाउल. तन्वी लाजून लाल झाली आणि मग खो-खो हसत सुटली.

दुसऱ्यांदा खो मिळाला तेव्हा ती सरळ पळाली. खांबाजवळ हात लांब करून तिने एका मुलीला शिवलं आणि त्याच झोकात गुडघ्यावर आपटली. दुर्गा ताडकन उठली. धुळीत पडलेलं पोर, भोवती जमलेली मुलं. तेवढ्यात त्या घोळक्यातून तन्वीचा तार स्वर आला, "आउट आहे ना? मॅम, आउट है न?"

दुर्गा बाकाला धरून पुन्हा खाली बसली.

संध्याकाळी मधुसूदन घरी आला तेव्हा तन्वी स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघा पुढे करून बसली होती. तिने बाबांना सगळा खेळ सांगितला, अर्धा मराठीत, अर्धा हिंदीत. त्याने औषध लावलं, फुंकर घातली आणि सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "खो मिळाला तेव्हा तू बसली कशी होतीस?"

तन्वीने मांडी घालून दाखवली.

"अगं, मग उठायला वेळ लागणारच. टाचांवर बसायचं. एक पाऊल जरा पुढे. असं." आणि ऑफिसची पँट घातलेला मधुसूदन फरशीवर उकिडवा बसला, एक पाय पुढे टाकून, दोन्ही हात जमिनीला टेकवून. उठताना त्याच्या गुडघ्यातून कट् असा आवाज आला आणि त्याला दाराचा आधार घ्यावा लागला. तन्वी खदखदून हसली. तोही हसायला गेला, पण त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तो वळून बाल्कनीत गेला.

दुर्गाने त्याला हाक मारली नाही. कढईखालचा गॅस बारीक करून ती ताटं घेऊ लागली. मागे तन्वी टाचांवर बसून उठत होती, पुन्हा बसत होती.