नावाड्याचे दोन शेवट

गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणत. तोंडावरही म्हणत. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. रेडिओ ऐकायला माणसं आपण होऊन बसतात, हे त्याचं उत्तर तयार असे. धंदा केस कापायचा आणि दाढ्या करायचा, पण हात चालायचे ते तोंडाच्या तालावर. कोणाच्या घरी पाळणा हलणार आहे हे त्या घरातल्या सासूच्या आधी त्याच्या दुकानातल्या बाकाला कळे. तोंडात तीळ न भिजणारा माणूस कसा असतो हे पाहायचं असेल, तर त्याच्या खुर्चीत दाढीला बसावं.

आणि अशा माणसाच्या पोटी ही लेक! घरात आईबापाशी तिची टकळी चालू असायची, पण चार परकी माणसं दिसली की जीभ टाळ्याला चिकटलीच म्हणून समजा. पाहुणे बाहेरच्या खोलीत, तर ही आत ओट्याशी. बायको म्हणायची, "तुम्ही हिच्या वाट्याचंही बोलून टाकलंत, आता ती बिचारी काय बोलणार?" एवढ्या एका गोष्टीवर रेडिओला उत्तर सुचत नसे.

लिहिण्यात मात्र पोरगी कोणाला हार जायची नाही. इंग्रजीच्या बाई तिचा निबंध दुसऱ्या तुकडीत नेऊन वाचून दाखवत. बापाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी त्या निबंधाची बातमी संध्याकाळपर्यंत बसथांब्यापलीकडे गेलेली असे. "माझी लेक इंग्रजीत असं लिहिते," तो वस्तरा हवेत धरून सांगे, "असं लिहिते की..." पुढे काय म्हणायचं ते त्याला ठाऊक नसायचं, आणि खुर्चीतला माणूस वस्तऱ्याकडे बघत चटकन मान डोलवायचा.

एक दिवस बाईंनी त्याला शाळेत बोलावलं. तो छाती फुगवूनच गेला. बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्गात तिला इंग्रजी साहित्य घ्यायचंय. दुसरं काही नकोच म्हणते."

"मग द्या की, बाई."

"माझ्या हातात असतं तर आजच दिलं असतं. जागा थोड्या आहेत, आणि निवड तोंडी परीक्षेवर होते. बाहेरचे परीक्षक येतात. वर्षभर शिकवलेली कादंबरी त्यांना इंग्रजीतून सांगायची, मग ते विचारतील त्याला उत्तरं द्यायची. काल मी सराव घेतला. सगळ्या वर्गासमोर ही उभी राहिली, आणि नुसतीच उभी राहिली. घंटा होईपर्यंत."

चार माणसांत बोलता न येणं ही गोष्ट रेडिओला आजाराइतकीच भयंकर वाटे. "औषध काय यावर?"

"माणसं," बाई म्हणाल्या. "रोज एखादं पान मोठ्यानं वाचायचं, मग तेच आपल्या भाषेत रंगवून सांगायचं. पण ऐकायला परकी माणसं हवीत."

"माणसांचं काय घेऊन बसलात, बाई!" रेडिओ खुलला. "माझ्याकडे माणसंच माणसं. आणि मानेला वस्तरा लावलेली. उठून जायची सोय नाही."

दुसऱ्याच दिवसापासून शाळा सुटली की लेक दुकानात. रिकाम्या खुर्चीवर पंच्यांची चवड असायची, ती उचलून बापानं तिला बसवलं. पहिले काही दिवस काही खरं नव्हतं. ती पुस्तकात तोंड घालून पुटपुटायची, आणि बाप, "जरा मोठ्यानं गं" म्हणत, दर वाक्यामागे स्वतःच दोन वाक्यं बोलायचा. शेवटी ती चिडली. "बाबा, तुम्ही बोललात की माझं हरवतं. तुम्ही फक्त फडकं झटका. नवीन गिऱ्हाईक बसलं की मी सुरू करीन, आणि मग तुम्ही गप्प."

गप्प! ही अट त्याला बायकोनं घातली असती तर त्यानं ऐकली नसती. पण लेकीसाठी ऐकली. गिऱ्हाईक बसलं की तो पांढरं फडकं दोन हातांत धरून झटकायचा, फट्ट आवाज व्हायचा, आणि गोष्ट सुरू.

गोष्ट एका नावाड्याची होती. आयुष्यभर नदीवर होडी चालवलेला म्हातारा, आणि त्याच नदीवर पूल बांधायला गेलेला त्याचा मुलगा. बाप म्हणतो, माझ्या पोटावर पाय देतोस. मुलगा म्हणतो, गावाचं भलं करतोय. दोघांचं बोलणं बंद होतं. मुलगा पुलाच्या कमानीवरून बापाची होडी बघतो, बाप होडीतून मान वर करत नाही.

आठवडाभरात दुकानात दोन पक्ष पडले. बसचा ड्रायव्हर पुलाच्या बाजूचा. "पूल नको म्हणजे? मी काय बस होडीत घालू?" त्याच्या विरुद्ध किल्लीवाले काका. काकांनी सारी हयात कुलपं दुरुस्त करण्यात घालवली होती, आणि एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात कुठल्याशा कंपनीत होता. ती कंपनी बिनकिल्लीची दारं बनवायची. कार्ड दाखवलं की उघडणारी. त्यावरून बापलेकांचं जे बिनसलं ते बिनसलंच. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. कोणामुळे माहीत होतं ते सांगायला नको.

"नावाड्याचं काय चुकलं?" काका तोंडाला फेस असतानाच गरजायचे. "त्याला कोणी विचारलं का पूल हवा म्हणून?"

"काका, हलू नका. कापेल."

"कापू दे!"

हळूहळू दाढी झालेली माणसंही बाकावर बसून राहू लागली. इंग्रजी पान चालू असताना सगळे देवळात बसल्यासारखे शांत. "डोक्यावरून जातं," ड्रायव्हर म्हणायचा, "पण कानाला बरं वाटतं." मग पोरगी पुस्तक मांडीवर उलटं ठेवायची आणि सांगायला लागायची. नदीला पूर यायचा तेव्हा ती टाचा उचलून उभी राहायची. बापलेकाचं भांडण आलं की तिची मूठ वळायची. रेडिओ मुकाट्यानं ब्रश फिरवत राहायचा आणि आरशातून तिच्याकडे बघायचा. ही आपली पोरगी! हिला बघून माणसं गप्प बसतात! आपल्यासमोर आजवर एकजणही गप्प बसला नव्हता.

गोष्टीच्या शेवटाच्या दिवशी बाकावर जागा उरली नाही. खुर्चीत काका होते. पूल पूर्ण झाला होता, लोक वरून ये-जा करत होते, होडीकडे कोणी फिरकत नव्हतं. धुक्याची सकाळ होती. पोरगी क्षणभर थांबली, आरशाकडे तिनं एकदा पाहिलं, आणि पुढचं भराभर सांगत गेली. मुलगा पुलाच्या मधोमध येऊन हाक मारतो. म्हातारा होडी बांधतो, चढ चढून येतो, पहिल्यांदा त्या पुलावर पाय ठेवतो. दोघं कठड्याला टेकून खाली रिकाम्या होडीकडे बघत उभे राहतात. सांगताना तिचा आवाज चढत गेला, आणि शेवटी तिनं दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवले.

बाकावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. काकांनी अंगावरच्या फडक्यालाच नाक पुसलं. रेडिओ त्यांना एरवी बोलला असता. त्या दिवशी नाही बोलला.

परीक्षेच्या दिवशी पालकांना मागच्या बाकावर बसायची मुभा होती. रेडिओ इस्त्रीचा शर्ट घालून बसला. समोर टेबलामागे परीक्षक, चष्मेवाले, कपाळाला आठ्या. बाजूला बाई. सगळ्यांत शेवटी लेकीचं नाव पुकारलं गेलं, ती पुढे आली, हात मागे बांधले, आणि उभी राहिली.

नुसतीच उभी राहिली.

परीक्षकांनी काहीतरी विचारलं. तिचे ओठ हलले, आवाज नाही. बाईंनी मान खाली घातली. रेडिओला वाटलं, ओरडावं, "बोल गं, तुला सगळं येतंय!" पण अट आठवली. त्यानं जीभ दातांखाली धरली. मग खिशातून रुमाल काढला, उलगडला, दोन हातांत धरला आणि झटकला.

फट्ट!

परीक्षकांनी दचकून मागे पाहिलं. रेडिओनं रुमालानं कपाळ पुसल्यासारखं केलं. आणि लेक हसली. हात सोडले, आणि सुरू झाली.

एक शब्द त्याला कळत नव्हता, तरी गोष्ट कुठे आली आहे ते सगळं कळत होतं. टाचा उचलल्या: पूर आला. मूठ वळली: भांडण. मान वर, मान खाली: मुलगा कमानीवर, बाप होडीत. परीक्षकांची लेखणी थांबली होती. रेडिओच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारच्या अनोळखी बाईंना कोपरानं ढोसून तो कुजबुजला, "माझी आहे."

मग धुक्याची सकाळ आली. ती तशीच थांबली, जशी दुकानात थांबली होती. आता आवाज चढणार. पण आवाज चढला नाही. तो खाली खाली गेला, आणि शब्द एकेक करून, सुटे सुटे यायला लागले. हात एकमेकांवर आलेच नाहीत. ते दोन बाजूंना तसेच राहिले. खोलीत कोणी हलत नव्हतं.

रेडिओच्या हातातला रुमाल मांडीवर पडला. नावाडी गेला, त्याला कळलं. मुलाची हाक पोचायच्या आधीच गेला.

परीक्षकांनी पुढे होऊन काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी बोलता बोलता तिनं मागच्या बाकाकडे हात केला, परीक्षक हसले, आणि ती पुढे बोलत राहिली तसं त्यांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

बाहेर आल्या आल्या त्यानं तिला व्हरांड्यात गाठलं. "नावाडी मेला ना गं?"

ती चकित झाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"ते राहू दे. दुकानात तर तू दोघांना पुलावर उभं केलंस."

"पुस्तकात तो होडीतच जातो, बाबा. मुलाला सकाळी होडी सापडते." ती जरा घुटमळली. "त्या दिवशी तेच सांगणार होते. पण आरशात काकांचं तोंड दिसलं. पुस्तक वाचणाऱ्याला नको वाटलं तर मिटता येतं. खुर्चीतल्या माणसाला उठून जाता येत नाही, तुम्हीच म्हणता."

"आणि परीक्षक काय विचारत होते?"

"हा शेवट पटतो का, म्हणाले. मी म्हटलं, पटतो, कादंबरी याच शेवटासाठी लिहिलीय. मग म्हणाले, बदलायला मिळाला तर बदलशील? मी म्हटलं, एकदा बदललाय, बाबांच्या दुकानात. त्यांनी विचारलं, मग बरोबर कोण, तू की लेखक?"

"मग?"

"मी म्हटलं, दोघंही. लेखकाला काका दिसत नव्हते. मला दिसत होते."

इतक्यात बाई जवळजवळ पळतच आल्या. तिचं नाव यादीत सगळ्यात वर होतं, आणि इतक्या वर्षांत परीक्षकांनी चष्मा काढून ठेवलेला बाईंनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी पोरीला जवळ ओढलं. रेडिओनं भर व्हरांड्यात डोळे पुसले, आणि या वेळी रुमाल खरोखरच कामाला आला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा बाक भरलेलाच होता. खुर्चीत काका. रेडिओ सुटला. शर्टापासून सुरुवात केली, रुमाल तीनदा झटकून दाखवला, परीक्षकांच्या आठ्या स्वतःच्या कपाळावर आणल्या, नाव सगळ्यात वर हे दारातून जाणाऱ्या पाववाल्यालाही ऐकवलं. लेक बाजूच्या खुर्चीत नवं पुस्तक घेऊन बसली होती आणि लाजून कानापर्यंत लाल झाली होती.

"पण परीक्षकानं विचारलं काय?" ड्रायव्हरनं विचारलं.

सगळ्यात मोठी गोष्ट तर हीच होती. लेखकाच्या बरोबरीनं बसवलं होतं पोरीनं स्वतःला, आणि परीक्षकानं चष्मा काढून ते मान्य केलं होतं. एवढी मोठी बढाई आयुष्यात त्याच्या तोंडाशी आली नव्हती. त्यानं वस्तरा हवेत धरला, "अहो, तिनं त्याला असं सांगितलं," म्हणाला, आणि आरशात त्याला काकांचं तोंड दिसलं. फेसाच्या वर दोन डोळे, टक लावून बघणारे.

"शेवट विचारला," तो म्हणाला.

"नीट सांगितला ना?" काका म्हणाले. "दोघं पुलावर भेटतात तो?"

दुकान वाट बघत होतं. आरशात लेकही पुस्तकावरून मान वर करून बघत होती. रेडिओनं सगळी बढाई, चष्म्यासकट, गिळली.

"सांगितला, काका. तसाच सांगितला."

काकांनी समाधानानं मान मागे टेकली. "परवा मी मुलाला फोन केला. बोलायला काही सुचेना, तर म्हटलं, गोष्टच सांगू. सगळी सांगितली, पुलापर्यंत."

"काय म्हणाला?"

"काही नाही." काका छताकडे बघत होते. "पण शेवट होईस्तोवर त्यानं फोन ठेवला नाही."

"मान जरा वर, काका," रेडिओ म्हणाला. उरलेली दाढी त्यानं एक शब्द न बोलता केली, आणि त्या दुकानात गोष्ट चालू नसताना वस्तऱ्याचा खरखर आवाज पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आला.

"आज रेडिओ बिघडला की काय?" ड्रायव्हरनं बाकावरून हाळी दिली.

"बिघडला-बिघडला काही नाही," लेक सगळ्यांसमोर खणखणीत म्हणाली. "बाबांनी आज माझ्या वाट्याचं माझ्यासाठी ठेवलंय."

बाप आरशात तिच्याकडे बघून हसला, काकांच्या अंगावरचं फडकं काढलं, आणि दारात जाऊन जोरात झटकलं.