पुस्तकं उन्हात घालायची

इंदापूरच्या एका वाचनालयात मी तीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. कविता लिहायचो त्या रद्द झालेल्या कार्डांच्या पाठीवर, आणि घरी टेबलाच्या तळच्या खणात टाकायचो. कुणाला ऐकवल्या नाहीत. चांगल्या नसाव्यात, असंच वाटायचं. अजूनही खात्री नाही.

शहाण्णव सालच्या दोन ऑक्टोबरला सोपानने बारामती रस्त्यावरच्या आपल्या परमिट रूममध्ये कवितावाचन ठेवलं. त्या दिवशी दारू विकता येत नाही, बार रिकामाच राहायचा. सोपान शाळेत असल्यापासून माझ्याकडून पुस्तकं नेणारा. माझं नाव यादीत घालायला तो घरी आला, आणि मी नाही म्हणायच्या आत बायको, चतुराबाई, हो म्हणाली.

मी मनाशी ठरवलं, एक कविता, बारा ओळी, वाचायच्या. नाही जमलं तर खणाला कुलूप लावून किल्ली कॅनॉलमध्ये टाकायची.

संध्याकाळी सहाला बार भरलेला होता. निम्मे कवितेसाठी आलेले, निम्मे तारीख विसरून आलेले ट्रॅक्टरवाले. ते सोडा आणि भजी घेऊन बसून राहिले होते. बारामतीच्या दोघांनी खड्या आवाजात कविता म्हटल्या. मग माझं नाव आलं.

माईक माझ्यापेक्षा उंच होता. तो खाली करा म्हणायचाही धीर झाला नाही. मी पहिली ओळ वाचली:

माझी आई पुस्तकं उन्हात घालायची.

माझी मलाच ती ऐकू आली नाही. मागे कुणीतरी हसलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरून तीच ओळ खणखणीत आवाजात, चालीवर आली. बावड्याचा भिमा. एक हात कानाशी, डोळे मिटलेले. ही टिंगलच, असं समजून मी कार्ड खिशात घातलं आणि उतरायला लागलो.

भिमाने डोळे उघडले आणि तोच घाबरला. वीस वर्षं तो जलशात झील धरत होता. पुढचा गाणारा ओळ सोडतो, मागच्यांनी ती उचलायची.

"चुकलं, आबा," तो म्हणाला. "ओळ आली की गप बसवत न्हाय. खाली पडू द्यायची नसती ती. तुमी वाचा, मी तोंड दाबून धरतो."

मी कार्ड पुन्हा काढलं.

"नको," मी म्हणालो. "उचल तू." आणि दुसरी ओळ वाचली:

वाचता येत नव्हतं, म्हणून पाठपोट दोन्ही शेकायची.

भिमाने उचलली. तिसऱ्या ओळीला ट्रॅक्टरवाले त्याच्यामागे होते. सहावीला सगळा बार, मघाशी हसलेला माणूसही. मी कुजबुजायचो आणि ओळ शंभर गळ्यांतून परत यायची. माझ्या आईला सही करता येत नव्हती. ती आज सगळ्यांच्या तोंडी होती.

बारावी ओळ संपली तरी ते थांबले नाहीत. भिमाने सगळ्यांना परत पहिल्या ओळीवर आणलं. मी नुसता उभा होतो, ताठ.

सोपानने विचारलं, अजून किती आहेत. खणात तीनशेवर आहेत, मी म्हणालो.

"येवढे ड्राय डे सरकारकडं न्हाईत, आबा. चालू दिवशी याल का?"

चतुराबाई दारातून बघत होती. या वेळी मीच हो म्हणालो, माईकमध्ये.