अण्णांचं कोल्हापूर दर्शन

कुतुबुद्दीन शिकलगारांनी उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये चाळीस वर्षांत काय काय बनवलं नव्हतं? रसाचे चरक, वरातीचे रथ, तालमीतल्या मुद्गलांच्या मुठी, एका हौशी माणसाच्या कुत्र्यासाठी साइडकारसुद्धा. कोणी चित्र दाखवावं आणि कुतुबुद्दीनचाचांनी ते लोखंडात उतरवावं, असा रिवाज होता. त्यामुळे धैर्यशील फोन घेऊन आला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि चित्र बघितलं.

जपानातल्या कुठल्याशा रस्त्यावरून सात-आठ चिमुकल्या गाड्या जमिनीला पोट लावून पळत होत्या. आत बसलेल्यांनी भडक रंगाचे, कार्टूनसारखे कपडे घातले होते.

"गो-कार्ट," धैर्यशील म्हणाला. "ह्यात बसून लोकं शहर बघतात, चाचा. आपण कोल्हापूर दाखवायचं. फेटा बांधायचा, खोट्या मिशा लावायच्या, आणि डुर्रर्र! सहा गाड्या पाहिजेत."

धैर्यशीलची ट्रॅव्हल एजन्सी होती. लोकांना बँकॉकला पाठवून पाठवून त्याला अलीकडे गावाचा अभिमान वाटायला लागला होता.

"जमिनीपासनं किती उंच हाय ही?" चाचांनी विचारलं.

"दोन इंच."

"आपल्या रस्त्यावर दोन इंच? निदान सहा तर ठेवूया की."

"सहा ठेवली की फील जातो, चाचा."

फील हा सुटा भाग चाचांनी आजवर कुठल्या दुकानात बघितला नव्हता. त्यांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न टाकला. "पयल्या गाडीत कोण बसणार?"

"मामा."

मामा म्हणजे जोतीराम अण्णा, दोनदा निवडून आलेले माजी नगरसेवक आणि तिसऱ्यांदा उभं राहायच्या तयारीतले. असल्या गाड्या रस्त्यावर चालतात का, हा प्रश्न अण्णांनी एका फोनवर मिटवला होता. "मी म्होरं बसतो. बघू कोण अडवतंय," असं ते म्हणाले होते.

"मग अण्णांचं माप घेऊन ये."

"कमरेचं?" धैर्यशीलचा चेहरा उतरला. "मामांना विचारू मी? घरात घेतील का मला परत?"

सीट पुण्याहून तयार आल्या, फायबरच्या, खोलगट आणि सगळ्या एकाच मापाच्या. चाचांनी त्या बसवल्या, पण पहिल्या गाडीत त्यांनी स्वतः एकदा बसून बघितलं. चाचा अंगाने काडीसारखे. त्यांनाच दोन्ही बाजूंनी जेमतेम चार-चार बोटं जागा उरली, तेव्हा त्यांच्या तिप्पट असलेल्या अण्णांचं काय होणार हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी ते दोनदा सांगितलंही. धैर्यशील मात्र तेव्हा बॅनरच्या रंगात गुंतला होता.

रविवारी सकाळी सातला दसरा चौकातून निघायचं ठरलं होतं. अण्णा सव्वाआठला आले. पाहुणे म्हणून पुण्याहून चार रीलवाले बोलावले होते. त्यांना फेटे बांधले, मिशा चिकटवल्या. सहाव्या गाडीत रोहिणी मगदूम होती. ती कॉलेजात तासावर इतिहास शिकवायची आणि आज माइकवरून माहिती सांगणार होती. तिने अकरा पानं लिहून आणली होती. धैर्यशीलने त्यातल्या चार ओळी ठेवल्या. "लोकांना माहिती नको असत्या मॅडम," तो तिला म्हणाला, "वातावरण पाहिजे असतंय."

अण्णांना बसवायला तिघं लागले. दोघांनी बगलेत धरलं, तिसऱ्याने खांदे दाबले. फायबर कुईं करून ओरडलं.

"बसलासा?" धैर्यशीलने विचारलं.

"बसलोय," अण्णा म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत निघाला.

नारळ फुटला आणि वरात निघाली. मागून चाचा आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊन चालले, शेजारी धैर्यशील. त्यात हत्यारं, सुट्या चेन आणि ग्राइंडर होता.

पहिला स्पीडब्रेकर दोनशे पावलांवर आला आणि सहाही गाड्या एकामागून एक त्याच्यावर पोटावर अडकल्या, पालथ्या घातलेल्या कढयांसारख्या. बाकीचे उतरले. अण्णा म्हणाले, "मी कशाला उतरू? उचला." कोल्हापुरात काही उचलायचं असलं की माणसं बोलवावी लागत नाहीत. चहाचे कप खाली ठेवून वीसजण धावले. अण्णांसकट गाडी उचलली, पलीकडे नेली आणि धप्पकन टेकवली. त्या धप्पाबरोबर अण्णा बोटभर खाली गेले.

बिंदू चौकापर्यंत असे तीन धप्प झाले. भवानी मंडपापर्यंत आणखी दोन.

शहर कसं दिसत होतं म्हणाल, तर दिसतच नव्हतं. एवढ्या खालून माणसाला दिसतात ती बसची चाकं, टेम्पोचे सायलेन्सर आणि लोकांच्या पोटऱ्या. रोहिणी माइकवर जीव तोडून सांगत होती, "डावीकडे बघा, ही कमान..." डावीकडे भाजीची हातगाडी होती. इंजिनांच्या आवाजात तिच्या चार ओळीही कोणाला ऐकू गेल्या नाहीत. रीलवाल्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. ते फोन आपल्याकडे वळवून आपल्याच मिशा बघत होते. एकाने फक्त एवढं विचारलं, की पॅलेस होऊन गेला का यायचाय.

साडेनऊला सगळे गंगावेशीत पोचले. तिथे दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि तुमच्या समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. कार्यक्रमपत्रिकेत याला 'डेअरी एक्स्पीरियन्स' म्हटलं होतं. रीलवाले टुणटुण उतरले. अण्णांनी दोन्ही हात टेकले, दम घेतला आणि उठले.

त्यांच्याबरोबर गाडीही उठली.

पुढची चाकं हवेत फिरली आणि अण्णा परत खाली आदळले. दोघांनी बगलेत धरून ओढलं, दोघांनी गाडी मागे खेचली. कशाचा उपयोग झाला नाही. कोपरापर्यंत हातही आता सीटच्या कडेत रुतले होते.

"कोण? जोतीरामा?"

बनाबाई म्हशीखालून उठून आल्या. साठ वर्षं त्या ह्या कट्ट्यावर दूध घालत होत्या आणि अण्णांना चड्डीत असल्यापासून ओळखत होत्या. त्यांनी आधी आपल्या हाताने अण्णांना ग्लासभर दूध पाजलं, पदराने त्यांच्या मिशा पुसल्या आणि मग समोर बसकण मारली.

"बरं झालं गावलास. आमच्या गल्लीचा नळ दीड वरीस कोरडा हाय. म्हशीला पाणी कुठनं पाजू?"

"बनाक्का, उद्या हापिसात या की. निवांत बोलू."

"हापिसात तू नसतूस," बनाबाई म्हणाल्या. "हितं हाईस."

हे वाक्य गंगावेशीत पसरायला फार वेळ लागला नाही. अण्णा सापडलेत, आणि उठता येत नाही म्हणे! एक रिटायर मास्तर घरी जाऊन फाईल घेऊन आले. तालमीतले दोन पैलवान बंद पडलेल्या दिव्याचं विचारायला आले. कोणी रांग लावा म्हटलं नव्हतं, तरी रांग लागली. प्रत्येकजण अण्णांपुढे वाकून किंवा उकिडवं बसून बोलत होता. अण्णांपुढे लोक आजवर पुष्कळ वाकले होते, पण तोंड न्याहाळायला असं कोणी वाकलं नव्हतं.

"चाचा, काप की लवकर ते!" अण्णा ओरडले.

चाचांनी ग्राइंडर काढला. चहाच्या टपरीतून वायर ओढली. ठिणग्या लागू नयेत म्हणून एक पोतं भिजवून अण्णांना गळ्यापर्यंत गुंडाळलं. वर फेटा तसाच होता. मग ते गाडीपाशी गुडघ्यावर बसले. कुठला पाइप कापायचा हे त्यांना बघताक्षणी कळलं. दोन काप आणि सीटला एक चीर, बस.

पण त्यांचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

गेल्या वर्षी त्यांच्या दारातली उघडी गटार ताजबीला, त्यांच्या बायकोला, अंधारलेल्या पावसात दिसली नव्हती. मनगट मोडलं. अण्णांच्या ऑफिसात चाचा नऊ वेळा गेले. नऊही वेळा अण्णा मीटिंगला होते. शेवटी चाचांनी स्वतःच जाडजूड लोखंडी झाकण बनवून बसवलं, तर तिसऱ्या दिवशी अण्णांचा माणूस ते उचकटून शेडमध्ये टाकून गेला. सरकारी गटारीवर खासगी झाकण चालत नाही म्हणाला.

चाचांनी आयुष्यात कुठलं काम मुद्दाम रेंगाळवलं नव्हतं. ते कसं करतात हेही त्यांना नीट माहीत नव्हतं. त्यांनी बटणावरचा अंगठा काढला.

"चाचा, पाच मिनिटांचं काम हाय," धैर्यशील काकुळतीला आला.

"पाचबी लागणार न्हाईत. पर ठिणग्या उडत्यात बाबा. माणसं एवढी जवळ हाईत. आधी त्यांचं बोलणं होऊ दे."

आणि त्यांनी टपरीवाल्याला चहा सांगितला.

ऊन चढलं. पोतं वाळलं, चाचांनी ते परत भिजवलं. रीलवाल्यांचे फोन पहिल्यांदा स्वतःकडून दुसरीकडे वळले. रोहिणी कट्ट्यावर बसून दूध प्यायली आणि माइक बंद करून पिशवीत टाकला. शेवटी अण्णांनी हार खाल्ली.

"आदर्शला फोन लाव," ते भाच्याला म्हणाले. आदर्श त्यांचं ऑफिस सांभाळायचा. "आक्कांचा नळ आत्ताच्या आत्ता सुरू करतो. ऐका सगळ्यांनी!"

अण्णांचे हात अडकलेले, म्हणून धैर्यशीलने फोन त्यांच्या तोंडापुढे धरला आणि स्पीकर लावला.

"आदर्श, गंगावेशीतल्या त्या नळाचं काम कोण दाबून बसलंय रं?" अण्णा गरजले.

"अण्णा, तुमीच की," पलीकडून आदर्श सरळ मनाने म्हणाला. "मंजूर होऊन सहा म्हैने झालं. इलेक्शनच्या तोंडावर करू म्हणलासा न्हवं? ती दिव्याची आन् गटारीच्या झाकणांची फाईलपण त्यातच ठेवलीया. काढू व्हय?"

म्हशी तेवढ्या रवंथ करत होत्या. मग एक पैलवान हसला आणि त्याच्यामागून सगळी गंगावेस. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

बनाबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि चाचांना म्हणाल्या, "सोडा त्याला. आता काय इचारायचं राहिलंय?"

चाचांनी ग्राइंडर सुरू केला. त्या आवाजात कोणाचं काही ऐकू येत नव्हतं आणि त्या घडीला अण्णांना त्याहून गोड आवाज दुसरा नसावा. दोन पाइप तुटले, फायबर फाटलं, आणि अण्णा पैलवानांच्या आधाराने उभे राहिले. पाठीला सीटचा एक तुकडा चिकटला होता. तो कोणी काढला नाही आणि त्यांना सांगितलंही नाही. ते तसेच चालत घरी गेले.

पुढच्या आठवड्यात नळाला पाणी आलं. दिवा लागला. चाचांनी आपलं झाकण स्वतःच नेऊन दारात बसवलं, ते उचकटायला कोणी आलं नाही. धैर्यशीलच्या उरलेल्या पाच गाड्या आता कळंब्याकडच्या एका हॉटेलच्या आवारात गोल गोल फिरतात. तिथे स्पीडब्रेकर नाहीत आणि बघण्यासारखंही काही नाही. रोहिणीने मात्र आपली अकरा पानं वाया जाऊ दिली नाहीत. रविवारी सकाळी ती दहा-बारा जणांना घेऊन त्याच वाटेने पायी फिरते.

आणि गंगावेशीत मोठा डिजिटल बोर्ड लागला. त्यावर गो-कार्टमध्ये बसलेल्या अण्णांचा फेटा बांधलेला चेहरा. पोतं दिसू नये म्हणून फोटो गळ्याशी कापलेला. खाली ठळक अक्षरात: 'जनतेच्या पातळीवर उतरणारा नेता'.

ताजबी तो बोर्ड बघून घरी आली, तेव्हा चाचा जेवायला बसले होते. तिने परातीतलं पीठ पुढे ओढलं.

"कापायला किती वेळ लागला तुमाला?"

"चार मिंटं."

"आन् बसवून किती वेळ ठेवलासा?"

चाचांनी हिशेब केला. "पावणेदोन तास."

ताजबीने भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"लई लवकर सोडलासा," ती म्हणाली.