पोपटी पिशवी

"भाऊ, लाल लागना," वना म्हणाला.

पिंपळनेरच्या टेलिफोन एक्सचेंजच्या खोलीत दोघेच होते. वना तिथला मदतनीस. लोखंडी कपाटासारख्या मशीनमध्ये त्याने नुकतंच एक कार्ड सरकवलं होतं, आणि कार्डाच्या कडेवरचा बारीक दिवा हिरवा लागायच्या ऐवजी लाल लागला होता. कार्ड म्हणजे वहीच्या पानाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर आयसी नावाचे काळे चौकोनी तुकडे आणि इतर बारीकसारीक भाग ओळीने बसवलेले. हे कार्ड बाहेरगावच्या लायनीचं होतं. ते मेलं की गावातल्या गावात फोन लागत, पण धुळं काय नि मुंबई काय, सगळी सारखीच मुकी.

"काढ. पुसी टाक. परत लाव," लीलाधर म्हणाला.

"तीन दाव लावं भाऊ. तुम्हनासमोरच लावं ना." वनाने तरी चौथ्यांदा लावलं. लालच. "लोके मन्हा जीव खाई ऱ्हायनात. काय सांगू त्यासले?"

"सांग, धुयाले काम चालू शे."

"ते तं मी दिवाईपासून सांगी ऱ्हायनू."

लीलाधरने कार्ड परत पोपटी पिशवीत घातलं आणि अडीचची एसटी पकडली. सकाळी धुळ्याला, त्याच्या टेबलावर, हेच कार्ड तासभर ठणठणीत चाललं होतं. हिरवा दिवा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तीन तासांच्या प्रवासात ते मेलं. दिवाळीनंतर नेलेल्या सात कार्डांतलं हे मेलेलं सहावं.

लीलाधर बावन्न वर्षांचा होता. सुरुवातीला तारा ओढल्या, मग हाताने फिरवायच्या फोनची दुरुस्ती केली, आणि ही नवी मशीनं आली तेव्हा खात्याने त्याला दोन महिन्यांच्या कोर्सला पुण्याला पाठवलं. तिथून तो आला तो कार्डांचा डॉक्टर होऊनच. धुळ्याच्या ऑफिसात मागच्या खोलीत त्याला एक टेबल, खात्याच्या भाषेत बेंच, एक दिवा, एक मीटर आणि एक भिंग मिळालं. बिघडलेलं कार्ड पुण्याला पाठवलं की तीन महिने लागत, लीलाधरकडे तीन दिवस. तो आधी कार्ड उजेडात तिरकं धरी आणि कथलाचे डाग दिलेल्या जागा बघे. मग वीज देऊन एकेका आयसीवर बोटाची मागची बाजू टेकवी. जी चटका देई ती चोर. चोर बाहेर काढून नवी बसवताना त्याचा हात असा चाले की डाग लावलाय कुठे, हे भिंगातूनही कळत नसे. साहेबलोक येत, बघत आणि मान डोलवून जात. लीलाधरला एवढं पुरत असे.

आता मात्र तोच हात त्याला नीट वाटेनासा झाला होता. बेंचवर चालतं आणि गावी जाऊन मरतं, म्हणजे काम कच्चं. दुसरं काय असणार? उघडून पाहावं तर प्रत्येक वेळी एखादी बारकी आयसी गेलेली. बाहेरून जशीच्या तशी, ना करपल्याची खूण ना चटका, आतून मेलेली. तो भिंगातून पुन्हा पुन्हा बघायचा, चष्मा बदलून बघायचा. घरी ताटात वाढलेलं मीठ उचलतानाही त्याचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे जायला लागलं होतं.

ऑफिसप्रमुख वाघसाहेबांनी त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं. साहेब वयाने लहान, पण माणूस सरळ होता.

"लीलाधरभाऊ, वरून पत्र आलंय. बेंच बंद करा, कार्डं पुण्याला पाठवा म्हणतात. मी त्यांना थोपवून धरलंय. महिनाअखेर मला कारण लेखी द्या. मशीनचा दोष असो, नेण्या-आणण्याचा असो, काहीही असो. सापडलं तर मी भांडेन तुमच्यासाठी."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर मग तुमच्याच कामाचा दोष धरतील. मी काय भांडणार?" साहेबांनी नजर कागदावर वळवली. "बेंच गेला तर तुम्हाला लायनीवर घ्यावं लागेल. खांबावर. बघा या वयात."

खांबाची लीलाधरला भीती नव्हती. 'लीलाधरचा हात गेला' असं खात्याच्या कागदावर लिहिलं जाणार, याची होती.

त्यात घरात दुखवटा. पौषात त्याच्या बायकोची, बेबाबाईची, आई मंजुळाबाई पिंपळनेरला वारली होती. तिथे बेबाबाईचा भाऊ मगन याच्या किराणा दुकानात फोन होता, इकडे धुळ्याच्या ऑफिसात फोन होता, ऑफिसपासून क्वार्टर हाकेवर. पण त्या आठवड्यात बाहेरगावचं कार्ड मेलेलं. मगनने दुपारपासून संध्याकाळपर्यंत फोन फिरवला, मग आईला स्मशानात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आलेल्या माणसाने निरोप सांगितला. बेबाबाई पोचली ती राख सावडायला. आईचं तोंड तिला दिसलं नाही.

"तुम्हना खाताले आग लागो," परत आल्यावर ती म्हणाली होती. "मन्ही माय गयी, नि माले एक फोन नही ऊना. ज्यान्हा हातखाल ती लाईन मरनी, त्यान्हं कधी भलं व्हवाव नही."

तो हात आपलाच, असं लीलाधरने तेव्हाच मनाशी धरलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी बेबाबाई ओट्यावर बसून कापसाच्या वाती वळत होती. आई गेल्यापासून ती रोज वाती वळायची. एवढ्या वाती लावायच्या कुठे, हे तिला कोणी विचारत नव्हतं. कोरडा वारा सुटला होता आणि कापसाचे तंतू घरभर उडत होते. लीलाधर खाटेवर पडला होता. शेजारी पोपटी पिशवी होती.

ही पिशवी ऑफिसात प्रसिद्ध होती. नवी कार्डं येत ती चकचकीत, रुपेरी, पातळ पिशव्यांत. त्यांच्यावर पिवळ्या त्रिकोणात एक हात आणि त्यावर फुली. हात लावू नका, शॉक बसेल, असा सगळ्यांनी अर्थ लावला आणि पिशव्या वाटून घेतल्या. हवाबंद वस्तू, तिखट-पापडाला झकास. लीलाधरच्या वाट्याला आलेल्या पाचही बेबाबाईच्या स्वयंपाकघरात गेल्या. मग कार्डं न्यायची कशात? मागच्या आषाढात तिने भाऊबीजेला मगनकडून आलेली नायलॉनची पोपटी साडी फाडली, स्कूटरच्या जुन्या सीटचा स्पंज मिळवला, आणि धक्का लागू नये म्हणून आतून स्पंज लावलेली जाड पिशवी शिवली. वर बंद, बंदाला गोंडा. नळावर ती बायकांना सांगायची, "मन्ही पिशवीमा बठ्ठा पिंपळनेरना फोन जास." शेजारच्या क्वार्टरमधला भटू टायपिस्ट तिला 'बेबावहिनींची टपालगाडी' म्हणे. तिला त्याचा राग येत नसे.

"आहो, पिशवी झटकी द्या ना," बेबाबाई म्हणाली. "बठ्ठा कापूस चिपकी गया."

लीलाधरने पिशवी झटकली. तंतू हलले नाहीत. त्याने हाताने पुसली, तर आणखी चिकटले.

"मी झटकं तं आखो चिपकस," ती म्हणाली. "नायलॉनच तसं. साडी नेसं तं ती पायले चिपके, चटचट वाजे."

लीलाधर उठून बसला. खाटेवरच्या चादरीवर कापूस नव्हता, त्याच्या सदऱ्यावर नव्हता. होता तो पिशवीवर. त्याने पिशवीच्या आतल्या स्पंजवर हात चोळला आणि पालथा हात वर धरला. हातावरचे केस उभे राहिले.

पुण्याच्या कोर्समध्ये मास्तरांनी एक वाक्य सांगितलं होतं. कोरड्या हवेत घासून होणारी वीज माणसाला कळतही नाही, पण बारीक आयसीचा जीव घेते; ती अडवायलाच कार्डं रुपेरी पिशवीत येतात. लीलाधरने ते वहीत इमानाने उतरवून घेतलं होतं आणि वही ट्रंकेत ठेवली होती. आता त्याला हेही आठवलं की पावसाळ्यात याच पिशवीतून अकरा कार्डं गेली आणि एकही मेलं नाही. ओल्या हवेत ही वीज साठत नाही. दिवाळीनंतर हवा सुकली आणि कार्डं मरायला लागली.

"ती चांदीनी पिशवी कोठे शे?" त्याने विचारलं.

"कोनती?"

"चकचकीत. कार्डवाली."

"तिन्हामा पापड शेतस. काबं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

"पापड डबामा ठेव. माले ती पिशवी जोयजे."

"इतली चांगली पिशवी शिवी दिधी," बेबाबाई म्हणाली, "नि आते पापडनी पिशवीमा कार्ड लई जाशात?" पण तिने उठून पापड काढले, पिशवी फडक्याने पुसून दिली.

लीलाधरचा स्वभाव अंदाजावर भागवणारा नव्हता. सोमवारी त्याने दोन कार्डं बेंचवर तासभर चालवली. दोन्ही हिरवी. एक रुपेरी पिशवीत घातलं, एक पोपटी. जाणूनबुजून कार्ड मारायला निघालेला तो खात्यातला पहिलाच माणूस असावा. एसटीत त्याने दोन्ही पिशव्या मांडीवर घेतल्या.

पिंपळनेरला वनाने आधी पोपटीतलं लावलं. लाल. मग दुसरं लावलं.

"भाऊ! हिरवा! हिरवा लागना!" वनाने लगेच फोन उचलून धुळ्याला फिरवला आणि भटूचा आवाज ऐकून उगीचच त्याला "जेवनात का?" विचारलं. मग कार्डाचा वास घेतला. "पापडना वास येस भाऊ. काय जादू करी?"

"काही नही रे. हात सुधरना, बस."

परतीच्या एसटीत लीलाधर खिडकीशी बसला आणि स्वतःची बोटं उघडून-मिटून पाहू लागला. हात शाबूत होता. डोळा शाबूत होता. इतक्या महिन्यांत त्याला एवढा आनंद झाला नव्हता. वाघसाहेबांना द्यायच्या पत्राची वाक्यं तो मनात जुळवू लागला. हा आनंद साक्रीच्या स्टँडपर्यंत टिकला. तिथे गाडी थांबली, एक म्हातारी पोटाशी बोचकं धरून चढली, आणि मंजुळाबाई गेल्या त्या आठवड्यातलं मेलेलं कार्डही याच पिशवीतून गेलं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं.

पुढे धुळ्यापर्यंत त्याने पत्राचा विचार केला नाही.

बाजारातून घेतलेली पिशवी होती असं लिहावं, तर सारं ऑफिस ती पिशवी ओळखत होतं. साहेबांना तोंडी सांगावं, तर साहेबांना कागद हवा होता. आणि कागद टाइप करणार भटू. भटू मनाचा चांगला, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी टाइप केलेलं संध्याकाळी नळावर पोचायचं. तिथे कोणीतरी हसत म्हणणार, बेबावहिनी, तुमच्या पिशवीनेच मारली की हो कार्डं. ती आधी हसणार. मग घरी येऊन वाती वळता वळता आई गेली त्या आठवड्यापर्यंत दिवस मोजणार. आपण शाप दिला तो हात कोणाचा, हे तिला कोणी समजावून सांगावं लागणार नव्हतं.

महिनाअखेरीला त्याने पत्र स्वतःच्या अक्षरात लिहून साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी मोठ्याने वाचलं. "कार्डे हाताळताना माझ्याकडून निष्काळजीपणा झाला. यापुढे कार्डे मूळच्या रुपेरी पिशवीतूनच न्यावीत, ही विनंती."

"लागोपाठ चार कार्डं चाललीत तुमची," साहेब म्हणाले. "म्हणजे कारण सापडलंय तुम्हाला. हे कारण नाही. खरं ते लिहा, मी आज पुण्याला फोन करतो."

"हेच आहे साहेब."

"भाऊ, बेंच जाईल."

"हो."

"हात चांगला आहे तुमचा. मला माहिती आहे."

साहेबांनी हे म्हटलं नसतं तर बरं झालं असतं, असं लीलाधरला वाटलं. त्याने पत्राखाली सही केली. भिंगाशिवाय केली, आणि अक्षर जराही हललं नाही.

एक एप्रिलला मागच्या खोलीतला दिवा आणि मीटर स्टोअरला जमा झाले. भिंग त्याचं स्वतःचं होतं, ते त्याने घरी आणलं. लायनीवर घेतल्याचं त्याने बेबाबाईला सांगितलं. ती खात्याच्या नावाने काय बोलायचं ते बोलली आणि दुसऱ्या सकाळी लवकर उठून भाकरी केल्या.

तो सायकल घेऊन दारात उभा होता. तिने भाकर-ठेचा फडक्यात बांधून पोपटी पिशवीत ठेवला, पक्कड-पान्हाही त्यातच. बंद ओढला. पिशवीला रात्रीचा कापूस चिकटला होता.

"आहो," ती म्हणाली, "इतला दिन तुम्ही मन्ही पिशवीमा कार्ड लई गयात. काही व्हयनं का कधी एखादाले?"

"नही," लीलाधर म्हणाला. "पिशवी चांगली व्हती."

ती पिशवीवरचा कापूस चिमटीने काढायला लागली. एक तंतू निघे, तो तिच्याच बोटावरून पुन्हा पिशवीला चिकटे. तिला घाई नव्हती. लीलाधरला साडेसातपर्यंत मोराणे फाट्याच्या खांबावर पोचायचं होतं, पण तिचं होईपर्यंत तो सायकल धरून उभा राहिला.