भिंतीवरची विभूती

परभणीच्या मोंढा बाजारामागे, ईश्वरअप्पांच्या सरकीच्या जुन्या कोठीत, कापसाच्या जिनात कामाला जाणाऱ्या बायांची तान्ही मुले दिवसभर राहत. लढाईमुळे हंगामभर जिन अखंड चाले, आणि सरकीच्या ढिगाशेजारी मूल निजविण्यापेक्षा ही कोठी बरी, असे सर्वांनाच वाटे. आडव्या वाशाला झोळ्या टांगलेल्या असत आणि त्यांची देखरेख अप्पांची सून उमादेवी करी. तिचा स्वतःचा वीरभद्रही त्यांतल्याच एका झोळीत असे.

त्या वर्षी परतीच्या पावसात कोठीचे मातीचे छत, माळवद, झिरपले, आणि जिन सुरू होण्याच्या सुमारास गुरूंच्या पादुकांच्या कोनाड्याखाली भिंतीवर पांढरी, मऊ भुकटी दिसू लागली. सारजाबाई नावाच्या जिनातल्या बाईने ती प्रथम पाहिली. तिने बोट लावून मुलीच्या कपाळी पट्टा ओढला आणि हात जोडले. लिंगायतांच्या घरात भिंतीतून विभूती प्रकट व्हावी, यात अप्पांना कृपेवाचून दुसरे काही दिसेना. ती उडून जाऊ नये म्हणून त्यांनी एकुलती खिडकी विटांनी बुजविली आणि तिथे झाडू मारण्यास मनाई केली. मुलांच्या कपाळी रोज सकाळी ती चढू लागली.

मग मुले खोकू लागली. बाया म्हणाल्या, जिनातला कापूस. हकीम म्हणाले, हवा. उमादेवीस दोन्ही कारणे पटली नाहीत. कापसाचा भुगा उडे तो अंगणात. तरी वीरभद्राला अंगणात घेऊन बसले की त्याचा श्वास मोकळा होई आणि कोठीत आणताच छाती पुन्हा वाजू लागे. उन्हाच्या तिरिपेत तिने झोळी झटकून पाहिली. पडलेल्या धुळीला ओल्या गोणपाटाचा वास होता. भिंतीलाही तोच.

तिने अप्पांकडे भिंत धुण्याची परवानगी मागितली. ते म्हणाले की भिंतीला हात लागला तर कोठीला कुलूप लागेल; मग या बायांनी आपली मुले कुठे न्यायची, ते तिने सांगावे. चोरून भिंत पुसण्याचा मार्ग असा बंद झाला. जे व्हायचे ते अप्पांच्याच संमतीने व्हायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी अप्पा पूजा आटोपून उठण्याच्या आत ती निखाऱ्यांचे धुपाटणे घेऊन समोर बसली.

"मामंजी, एकदा जळालेलं परत जळतं का?"

"राख कुठं जळती, पोरी?"

"तुमच्या विभूतीच्या गोळ्यातली चिमूट टाका."

त्यांनी टाकली. निखाऱ्यावर ती तशीच पांढरी पडून राहिली. मग उमादेवीने पदराच्या गाठीतली भिंतीवरची चिमूट त्यांच्या हाती दिली. ती निखाऱ्यावर पडताच काळवंडली, धूर निघाला, आणि करपलेल्या चिंधीचा वास देवघरभर पसरला.

"कापसाचे कण असतील त्यात," अप्पा म्हणाले. वाद अर्ध्यावर सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"असतील. पण मामंजी, विभूती आपण गोवऱ्या जाळून करतो. ही तर रोज वाढायलीय. राख वाढती का?"

अप्पांनी काडीने ती काळी चिमूट उलटून पाहिली. आतून वीरभद्राची ढास ऐकू आली. तसे ते पाटावरून उठले.

त्याच सकाळी त्यांनी उपरणे नाकावर बांधले, झोळ्या बाहेर काढविल्या, पादुका मस्तकी लावून देवघरात हलविल्या आणि स्वतः पहारीने खिडकीच्या विटा पाडल्या. पोरीला सोडायला आलेली सारजाबाई दारातच थबकली.

"आप्पा, देवाचा परसाद खरडायलाव व्हय? पाप कुनाच्या माथी?"

"माज्या. परसाद नव्हं, बुरशी हाय ती. जाळून बघितली." त्यांनी आपला विभूतीचा गोळा तिच्यापुढे धरला. "खरी ही घे. तोंड आधी पूस पोरीचं."

तिने पुसले, मनापासून नव्हे, पण पुसले.

भिंत खरडून तिला चुना दिला, माळवदावर नवी माती चढली. तोवर झोळ्या अंगणातल्या वाशाला टांगल्या होत्या. मुलांचा खोकला उतरू लागला होता, गेला नव्हता. आठवड्याने झोळ्या पुन्हा आत टांगाव्यात म्हणून अप्पा एका झोळीची दोरी हाती घेऊन कोठीच्या दारात उभे राहिले. कृपा नसली तरी छप्पर होते, आणि मुले पुन्हा आत कधी, असे लोक विचारीत होते. उमादेवीने तळवा भिंतीवर ठेवला.

"न्हाई मामंजी. अजून गार हाय, वल गेली न्हाई."

अप्पा दोरी घेऊन अंगणाकडे परतले.