न ओरडता

आमच्या घरात आवाजाची कमतरता कधीच नव्हती. मी आणि आमचे हे, दोघांनी अख्खी नोकरी कापडाच्या कारखान्यात मागांवर काढली. धाकटे दीरही तिथेच होते. त्यांना सगळे भोंगा म्हणतात. का, ते त्यांनी एकदा नमस्कार केला की कळतं. मागांच्या खडखडाटात आमचे कान निम्मे गेले, आणि कान गेले तसा गळा वाढला. आम्ही जेवताना मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटतं, भांडण जुंपलं.

सून मात्र अगदी उलट. चष्म्याच्या दुकानात कामाला, ओठ जेमतेम हलवून बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं निम्मं बोलणं माझ्या कानावरून जायचं आणि मुलगा ते मला पुन्हा सांगायचा. दवाखान्यातही तसंच झालं. नात जरा लवकर जन्मली होती, नाजूक होती. घरात शांतता ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सून माझ्याकडे न बघता काहीतरी पुटपुटली. मुलाने मान खाली घालून सांगितलं, ती म्हणतेय, काही महिने माझ्या मोठ्या बहिणीकडे, ताईकडे राहते, तिथे शांत असतं.

मला ते झोंबलं. माझी नात पहिली कूस दुसऱ्याच्या घरात बदलणार? पण रागावून करते काय, सून बोलली ते खरंच होतं. मी एवढंच म्हटलं, "आधी एक दिवस घरी ये. घर बघ, मग ठरव."

मग आम्ही घराच्या मागे लागलो. ह्यांनी प्रत्येक दाराच्या बिजागरीत तेल घातलं. भोंग्याने खुर्च्यांच्या पायांना जाड कापडाच्या टोप्या शिवल्या आणि दारावरची घंटा स्वतःच्या हाताने काढून ठेवली. भांड्यांच्या फळीवर मी घडी करून चादर अंथरली. दुपटी शिवली ती माझ्या मागावर उतरलेल्या मऊ कापडाची. त्यात एक गाठ सापडली तर मला विचारा.

घर गप्प झालं, माणसं होईनात. पाळण्यात उशी निजवून आम्ही सराव केला. मी कुजबुजले, "पंखा कमी करा." हे म्हणाले, "काय?" मी पुन्हा कुजबुजले. ह्यांनी आणखी मोठ्याने "काय?" विचारलं. तिकडून भोंग्याने ओरडून सांगितलं की ओरडू नका. उशी असली म्हणून काय झालं, मला तिची दया आली.

माझं डोकं फिरलं. तरी तोंडातून आवाज निघू द्यायचा नाही म्हणून मी तिथूनच, पाळण्याच्या पलीकडून, ह्यांना नुसत्या ओठांनी झाडलं. ओठ मोठे करून, हात नाचवून, जन्माचा उद्धार केला. ह्यांनीही तसंच उत्तर दिलं. भोंगा मध्ये पडला. बरंच भांडून झाल्यावर आम्ही तिघे एकदम थांबलो.

कारखान्यात, मागांच्या खात्यात आम्ही असंच तर बोलायचो. मागांपुढे कुणाचा गळा टिकणार? या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला घरचं सगळं रडगाणं आवाज न काढता सांगायची. माझं लग्नसुद्धा असंच ठरलं; ह्यांनी चार मागांपलीकडून विचारलं होतं आणि मुकादमाला पत्ता नव्हता. जी विद्या आमच्या हाडात मुरलेली, ती सोडून आम्ही कुजबुजायला शिकत बसलो होतो.

सून बाळाला घेऊन आली. ताईकडे न्यायची बॅग तिने दारातच ठेवली. संध्याकाळी ताई गाडी घेऊन येणार होती. मी त्या बॅगेकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दिवसभर बघत राहिले. पाळणा खोलीच्या मधोमध होता. आम्ही तिघे भिंतींना टेकून, नाक कुणावर गेलंय यावरून कडाकडा भांडत होतो, आणि खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. सून आधी गोंधळली. मग मुलगा तिला आमचे ओठ वाचून दाखवू लागला. लहानपणी आम्ही त्याच्यापासून लपवलेली सगळी गुपितं त्याने अशीच तर चोरली होती. भोंगा नाकाचा हक्क सोडेना, तेव्हा तिला हसू आवरेना. तोंडावर पदर दाबून हसली. बाळ गाढ झोपलं होतं.

संध्याकाळी मुलाचा फोन थरथरला. ताई खाली आली होती. मुलाने सुनेकडे पाहिलं. मी उठून दुपट्यांची घडी घालू लागले, घातलेलीच घडी.

पाळण्याच्या पलीकडून तिने हात हलवला. मी वर पाहिलं. तिने ओठ मोठे केले, नवशिकी बाई करते तसे, वेडेवाकडे, एकेक शब्द तोडत.

"आई, मी इथेच राहते."

मुलगा सांगायला पुढे झाला. मी हातानेच त्याला गप्प केलं. सुनेचं बोलणं मला पहिल्यांदाच, मध्ये कुणी न लागता, पोहोचलं होतं. 

मी ओठांनीच म्हटलं, कळलं नाही, पुन्हा सांग.

तिने पुन्हा सांगितलं. कळलं तर मला पहिल्याच वेळी होतं.